तेव्हा चालायचं, पण कुणाला?

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एका रात्री गच्चीवर पडदा लावून सिनेमा दाखवतात. यंदा ‘अशी ही बनवाबनवी’ ठरल्यात जमा होता. बैठकीत तिसऱ्या मजल्यावरच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीने हात वर केला. तिचं म्हणणं एवढंच होतं की त्यातले काही विनोद आता ऐकवत नाहीत, लहान मुलं असतात, दुसरं काही दाखवता येईल का. झालं. वर्गणी, मांडवाचं भाडं, विसर्जनाचा ट्रॅक्टर, सगळे विषय बाजूला पडले आणि चहा दोनदा करावा लागला. एका बाजूने तीन वाक्यं आळीपाळीने येत होती: तेव्हा हे चालायचं, आजकालच्या पोरांना विनोद कळत नाही, आज असा सिनेमा निघूच शकत नाही. दुसऱ्या बाजूला ती मुलगी आणि तिच्या बाजूने बोलणारे दोघं-तिघं. त्यांच्याकडे ‘प्रॉब्लेमॅटिक’ हा एकच शब्द होता आणि तो वापरून वापरून गुळगुळीत झाला होता. मी दोन्हीकडे मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःवरच चिडलो.

तिथे जे बोललो नाही ते इथे सांगून टाकतो. ‘बनवाबनवी’ हा मराठीतल्या सर्वांत उत्तम लिहिलेल्या विनोदी सिनेमांपैकी एक आहे आणि तो गच्चीवरच काय, चौकात दाखवावा. पण त्याच्या बचावासाठी पुढे केलं जाणारं ‘तेव्हा चालायचं’ हे वाक्य खोटं आहे. आणि त्यावर आक्षेप घेणारे बहुतेक वेळा चुकीच्या जागी बोट ठेवतात. सिनेमा एकगठ्ठा जुना होत नसतो. त्यातलं काही पहिल्या दिवशीच शिळं असतं, काही छत्तीस-सदतीस वर्षांनीही गरम असतं, आणि कुठलं कोणतं हे साल बघून ठरत नाही. विनोद कुणाच्या खर्चाने झाला, हे बघावं लागतं.

आक्षेपाची पहिली जागा ठरलेली: पुरुषांनी साड्या नेसणं. भाड्याची जागा फक्त जोडप्यांना मिळते, म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायकांच्या वेशात वावरतात, ही सिनेमाची गोष्ट. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होतो, सचिन पिळगावकर सुधा होतो, आणि त्यावर थिएटरभर हशा. हा बाईपणाचा अपमान आहे, तृतीयपंथीयांची टिंगल आहे, असं म्हटलं जातं. आता हा सिनेमा आला २३ सप्टेंबर १९८८ रोजी. त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी, १८८८ मध्ये, बालगंधर्वांचा जन्म झाला. ज्या गावात पुरुषाने नेसलेल्या शालूची आणि माळलेल्या गजऱ्याची नक्कल घराघरांतल्या बायका करत होत्या, त्या गावाला ‘पुरुष बाईच्या वेशात म्हणजे टिंगलच’ हे गणित लागू करताना जरा थांबावं. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण बाई मिळेना. तमाशातली मावशी पुरुषच असते आणि गवळणींच्या घोळक्यात सर्वांत शहाणं बोलते ती तीच. आचार्य अत्र्यांनी एका इंग्रजी प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ रचली, आणि ‘बनवाबनवी’ पडद्यावर आला त्या दशकात विजय चव्हाण नऊवारीत नाट्यगृहं भरवत होते. मराठी प्रेक्षकाला साडीतला पुरुष नवा नाही, आणि प्रत्येक वेळी तो त्याला एकाच कारणाने हसलेलाही नाही.

‘बनवाबनवी’त हसू कशाचं येतं, हे नीट बघा. इंग्रजीत साडी नेसलेल्या पुरुषाला आवाज बारीक केला की भागतं. मराठीत भागत नाही. ‘मी आलो’ म्हणायचं की ‘मी आले’, ‘मी जेवलो’ की ‘मी जेवले’, पावलोपावली क्रियापदाशी तुमचं लिंग बांधलेलं. म्हणजे खोटं बोलायला तोंड उघडलं की व्याकरणच चुगली करायला टपलेलं. ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य म्हणूनच अजरामर झालं. मित्राला बायको म्हणून पुढे करणाऱ्या धनंजय मानेचं डोकं ‘बायको’ म्हणतं आणि डोळ्यांना समोर मित्र दिसतो, त्यामुळे जीभ ‘हा माझा’ म्हणून मोकळी होते. चार शब्दांत अख्ख्या सिनेमाची गोष्ट. या कथेचं मूळ बंगाली, आणि हृषिकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये ती ‘बीवी और मकान’ म्हणून हिंदीत आणली होती. पण बंगालीत विशेषणाला नि क्रियापदाला असं लिंग चिकटत नाही, त्यामुळे हा विनोद तिथे होणंच शक्य नव्हतं. तो वसंत सबनीसांच्या हातून मराठीतच व्हायचा होता. लोकनाट्याच्या बतावणीत मुरलेला माणूस, ‘विच्छा माझी पुरी करा’चा लेखक. वाक्य कुठे मोडलं की हशा पडतो, हे त्याला ठाऊक. घरमालक सरपोतदारांचे औषधासाठी दिलेले सत्तर रुपये ‘वारले’ तेही याच हातून. पैसे बुडतात, जातात, खर्च होतात. ‘वारले’ हे क्रियापद आपण फक्त माणसासाठी, तेही आदराने राखून ठेवलेलं. ते सत्तर रुपयांना लावलं आणि एका घरमालकाचा सगळा जीव कशात अडकलाय ते उघडं पडलं.

या सगळ्यात बाईपणाला हसणं कुठे आहे? हसू आहे ते पदर सावरता न येणाऱ्या, घाबरलेल्या, घामाघूम पुरुषाला. तरीही आक्षेपातला एक भाग मी मुकाट मान्य करतो. प्रेक्षक सिनेमातून बाहेर पडताना विनोदाचं कारण तिथेच सोडून येतो आणि फक्त हसू बरोबर नेतो. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका हुबेहूब वठवला की लोकांनी पडद्यावरचं सोंग त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटवलं. आमच्या वर्गात चालण्या-बोलण्यात थोडा मऊ असलेला एक मुलगा होता. त्याला सातवी ते दहावी चार वर्षं ‘पार्वती’ हेच नाव होतं. मास्तरसुद्धा एकदा हजेरी घेताना तसं म्हणाले आणि आम्ही बाकं वाजवली. ते नाव सिनेमाने त्याला दिलं नव्हतं, आम्ही दिलं होतं. पण सिनेमा नसता तर दुसरं नाव शोधायला आम्हाला जरा कष्ट पडले असते, एवढं खरं. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. फक्त एवढं म्हणेन की साडीवर बोट ठेवणाऱ्यांनी मोठा आवाज करून त्याच सिनेमातली खरी शिळी जागा झाकून टाकली आहे.

ती जागा म्हणजे तीन शब्द. ‘नवऱ्याने टाकलंय तिला.’

हे वाक्य आता टी-शर्टांवर छापलेलं मिळतं. साडीतल्या मित्राचं काय सांगायचं या घाईत सुचलेली थाप, एवढंच त्याचं कथानकातलं काम. बचाव करणारे म्हणतात, आणि इथे त्यांचा मुद्दा खरोखर भक्कम आहे, की या वाक्यात टाकलेल्या बाईला कुणी हसत नाही. हसू आहे ते थाप मारणाऱ्याच्या निर्लज्जपणाला, आणि ज्या मिशीवाल्या बाप्याला ‘नवऱ्याने टाकलंय’ त्याच्या केविलवाण्या तोंडाला. मान्य. पण मग एक प्रश्न विचारावा लागतो. ती थाप एका फटक्यात पचते कशी? ऐकणारं माणूस ‘का टाकलं’, ‘कधी’, ‘आता ती काय करते’ असं काहीच कसं विचारत नाही? कारण घरात टाकलेली बहीण असणं ही गोष्ट तेव्हाच्या मराठी घराला इतकी सवयीची होती की त्यावर पुढे बोलायचं नसतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सबनीसांचं निरीक्षण अचूकच आहे. विनोद लागतो तो त्या अचूकपणामुळे. फक्त तो लागतो कुणाला, हे पडद्यावर कुणी वळून बघत नाही.

आमच्या घरी ते दिसायचं. माझ्या आत्याला तिच्या नवऱ्याने लग्नानंतर अडीच वर्षांनी माहेरी आणून सोडलं ते परत नेलंच नाही. ती बालवाडीत शिकवायची आणि आमच्या स्वयंपाकघराच्या पोटमाळ्याखाली तिची ट्रंक होती. व्हीसीआर भाड्याने आणून आम्ही हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला, मग टीव्हीवर लागेल तेव्हा, म्हणजे वर्षाला तीन-चार वेळा तरी. आत्याला तो मनापासून आवडायचा. सरपोतदारांच्या वेळी ती सर्वांत मोठ्याने हसायची. पार्वतीची चाल ती अशी करून दाखवायची की माझ्या आजीला ठसका लागायचा. आणि ते वाक्य जवळ आलं की ती उठायची. कधी दूध बघायला, कधी गच्चीवरच्या कुरडया काढायला, कधी नुसतीच. दोन मिनिटांनी परत येऊन बसायची. हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं लागली हे सांगायची लाज वाटते. लक्षात आल्यावर एकदा विचारलं, तेव्हा ती शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘मला ते वाक्य आधीपासून ठाऊक होतं रे, सिनेमा नंतर आला.’ आणि टरफलं गोळा करून गेली.

आता ‘तेव्हा चालायचं’कडे येऊ. तेव्हा म्हणजे नक्की केव्हा? १९८८ चा महाराष्ट्र म्हणजे अडाणी, भोळाभाबडा, या सगळ्याचा विचारच न केलेला प्रदेश होता, असं हे वाक्य गृहीत धरतं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संगमनेरला समता आंदोलनाने टाकलेल्या बायकांची परिषद भरवली होती. ‘टाकलेली’ या शब्दाच्या जागी ‘परित्यक्ता’ हा शब्द तेव्हाच सभांतून नि मोर्चांतून पुढे येत होता, कारण वस्तू टाकतात तशी बाई टाकतात ही भाषाच त्या बायकांना नको होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली मागितलेल्या पोटगीची कमाल मर्यादा तेव्हा महिना पाचशे रुपये होती आणि ती २००१ पर्यंत तशीच राहिली. त्याच १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी केला. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून वस्त्यावस्त्यांत होत होतं. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ मध्ये येऊन गेला होता, आणि नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या बाईवर वर्तमानपत्रांतून, ओट्यांवरून चर्चा झडल्या होत्या. आणखी मागे जायचं तर ‘बनवाबनवी’चे निर्माते किरण शांताराम यांच्या वडिलांनीच, व्ही. शांतारामांनी, १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला होता. त्यातली शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. एक्कावन्न वर्षं आधी!

तेव्हा हे खटकणारी माणसं होतीच. ती संगमनेरच्या मांडवात होती, आणि आमच्या घरात दूध बघायला उठत होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. ‘तेव्हा चालायचं’ म्हणताना आपण त्या काळाला क्षमा करत नसतो. त्या काळातली निम्मी माणसं पुसून टाकत असतो.

ही खोड आपलीच आहे असं नाही. अमेरिकेतही अशाच एका लाडक्या प्रेमपटावर हाच वाद हीच वाक्यं वापरून होतो. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’, १९६१, ऑड्री हेपबर्नचा काळा झगा, मोत्यांची माळ, ‘मून रिव्हर’ हे गाणं. आणि त्यात वरच्या मजल्यावरचा जपानी शेजारी युनिओशी, जो मिकी रूनी या गोऱ्या नटाने खोटे दात लावून, डोळे बारीक करून, धडपडत केला. तिथेही बचाव तोच: तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. पण १९६१ मध्येच, सिनेमा नवा असताना, ‘हॉलिवूड रिपोर्टर’च्या परीक्षणात ही भूमिका म्हणजे व्यंगचित्र आहे आणि अनेकांना ती झोंबेल असं स्वच्छ लिहिलेलं आहे. जपानी नट मिळत नव्हते म्हणावं तर १९५७ च्या ‘सायोनारा’साठी मियोशी उमेकीला ऑस्कर मिळालेलं होतं. आणि ज्या जपानी वंशाच्या लाखाहून जास्त माणसांना युद्धकाळात अमेरिकेने छावण्यांत कोंडलं होतं, ती तोवर सुटून शहरांत परतली होती, तिकीट काढून सिनेमे बघत होती. सरकारने त्यांची माफी मागितली १९८८ मध्ये. योगायोगच म्हणायचा. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सनी पुढे उतारवयात ती भूमिका दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला हवी होती असं बोलून दाखवलं, यात मला मोठेपणा वाटतो. विशेष म्हणजे युनिओशी काढून टाकला तरी त्या सिनेमाचं काहीच अडत नाही. म्हणून तो जास्त शिळा वाटतो. तो विनोद कथेने मागितलेलाच नव्हता.

मग दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथेही माझं भांडण आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा सर्वांत बळकट मुद्दा तिने बैठकीत मांडलाच नाही, जिन्यात मांडला. म्हणाली, ‘काका, सिनेमा अडीच तासांचा असतो, पण वाक्य एकटंच फिरतं. आमच्या ऑफिसात एकीचा घटस्फोट झाला, त्या आठवड्यात कुणीतरी ग्रुपवर हेच वाक्य टाकलं.’ यावर ‘पण सिनेमात ते वेगळ्या अर्थाने आहे’ हे उत्तर कोरडं आहे. त्या बाईला सिनेमातला संदर्भ कुणी पाठवला नव्हता. वाक्य सिनेमातून सुटं झालं की ते त्याचं स्वतःचं आयुष्य जगायला लागतं, हे मान्यच करायला हवं.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? सिनेमा न दाखवणं? उलट झालं पाहिजे. सुटं वाक्य टी-शर्टवर फिरतच राहणार. अख्खा सिनेमा बंद केला तर त्या वाक्यामागची घाबरगुंडी, खोटेपणा, ते बोलणाऱ्याची फजिती, हे सगळं जाईल आणि उरेल फक्त टोमणा. जुन्या कलाकृतीची निम्मी शिक्षा तिच्या सुट्या तुकड्यांमुळे होते. अख्खी बघितली की ती पुष्कळदा स्वतःच साक्ष देते, बाजूने आणि विरोधातही. ‘संगीत शारदा’ घ्या. देवलांनी ते १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलं. (बालविवाहाच्या ‘शारदा कायद्या’ला नाव या नाटकावरून मिळालं असं आजही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो कायदा १९२९ चा, आणि नाव हरबिलास सारडांचं.) पैसे घेऊन कोवळी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायची, ही त्या नाटकाची दुनिया आज बरीचशी गेली. पण ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ ऐकताना आजही ओठ हलतात. का हलतात? ते गाणं शारदेला हसत नाही, घोड्यावर बसायला निघालेल्या भुजंगनाथाला हसतं. ज्याच्या हातात सत्ता आणि थैली आहे त्याच्यावर रोखलेला विनोद सव्वाशे वर्षांनीही धारदार राहतो. जिच्या हातात काहीच नाही तिच्या अंगावरून सरकत गेलेला विनोद त्याच वर्षी कुणाला तरी स्वयंपाकघरात पाठवतो.

हीच फूटपट्टी ‘बनवाबनवी’ला लावा. सरपोतदारांचा एकही प्रसंग शिळा झालेला नाही. सुधीर जोशींनी केलेला तो घरमालक, त्याचं ते ‘धनंजय माने इथेच राहतात का’ या प्रश्नामागे लागलेलं शुक्लकाष्ठ, खोलीत माणसं किती झोपतात याचा हिशोब. या सिनेमाचं मूळ दुखणं प्रेम नव्हे, जागा आहे. चार जवान मुलगे, कमावते किंवा कमवायला निघालेले, आणि शहर त्यांना म्हणतं की लग्न झालेलं असेल तरच आत या. ते साड्या हौसेने नेसत नाहीत. घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या अटीने नेसतात. आणि तेव्हाचे घरमालक नुसते खडूस होते म्हणून असं वागत होते असंही नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती, आणि १९७३ च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारीला ताब्यात असलेले परवानाधारकही कुळं ठरले होते. एकदा आत घेतलेला बिऱ्हाडकरू निघणार नाही, ही धास्ती प्रत्येक मालकाच्या पोटात होती. चौकशा, अटी, ‘पाहुणे किती दिवस राहणार’ हे प्रश्न, सगळं त्या धास्तीतून आलेलं. ही बाजू ठाऊक असली की सरपोतदार आणखी मजेदार वाटतात, थोडे बिचारेही.

शिळं काय झालंय म्हणाल तर साडीपेक्षा मला चार प्रेमकथांबद्दल तक्रार आहे. ज्या मुलींवर या चौघांचं मन जडतं त्यांच्याशी बोललेलं निम्मं खोटं असतं. एकीला तर आपण ज्याच्यावर विश्वास टाकतोय तो माणूस घरी कुणाला बायको म्हणून मिरवतोय याचा पत्ता नाही. अश्विनी भावेंची माधुरी स्वतःचं दुकान चालवणारी, पगार देणारी बाई. पुरुष तिच्याकडे नोकर. १९८८ च्या मराठी विनोदी सिनेमात ही लहान गोष्ट नव्हती. अशा बाईला फसवणूक कळल्यावर काय वाटलं असेल? सिनेमाला ते जाणून घ्यायला सवड नाही. सगळं उघडं पडतं, सगळं माफ होतं, जोड्या लागतात. सुखान्ताची घाई मी समजू शकतो, प्रेक्षकाची शेवटची बस असते. पण ज्या लेखकाने सत्तर रुपयांच्या मरणाला इतका वेळ दिला, त्याने त्या मुलींच्या रागाला दोन वाक्यं द्यायला हवी होती. विनोदही त्याने वाढला असता. रागावलेल्या शहाण्या बाईसमोर उभा असलेला धनंजय माने काय काय बोलला असता, याची कल्पना करून बघा.

राहता राहिलं ‘आज असा सिनेमा निघूच शकत नाही’. निघाला की! २००९ मध्ये हिंदीत ‘पेइंग गेस्ट्स’ नावाने जवळजवळ हीच गोष्ट आली. चार मित्र, घरमालकाची जोडप्यांची अट, दोघं बायकांच्या वेशात. श्रेयस तळपदे, जावेद जाफरी असे चांगले नट. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी बंदी मागितली नाही. त्यातलं एक वाक्य कुणाला आठवत असेल तर मला कळवा. आज असा सिनेमा होत नाही तो कुणाच्या दुखावल्या भावनांमुळे नव्हे. क्रियापदावर इतकी मेहनत घेणारा लेखक आणि त्या लेखकाला पैसे देणारा निर्माता एका खोलीत येत नाहीत, म्हणून होत नाही. हे कबूल करणं जड जातं, तेव्हा तरुण पोरांच्या माथी मारून मोकळं व्हायचं.

सिनेमा दाखवला गेला. पाऊस थांबला होता, सतरंज्या ओल्या होत्या, प्रोजेक्टर दोनदा बंद पडला. ती मुलगी आली होती, तिच्या आईशेजारी बसली होती, आणि ‘सत्तर रुपये’ला तिचं हसणं माझ्यापर्यंत ऐकू आलं. ‘कुणीतरी येणार येणार गं’ला लहान मुलं उठून नाचली. ते तीन शब्द आले तेव्हा मी पडद्याकडे बघितलं नाही, सतरंज्यांकडे बघत होतो. पुष्कळजण हसले. दुसऱ्या विंगमधल्या एक बाई चपला शोधायला लागल्या. त्यांच्याबद्दल मला काही माहिती नाही, कदाचित घरी गॅसवर काही असेल.

खाली उतरताना लिफ्टपाशी थांबलो. फलकावर सिनेमाचं रंगीत पत्रक होतं, अध्यक्षांनी हौसेने छापून घेतलेलं, सहकुटुंब यावे. बैठकीत ‘तेव्हा चालायचं’ सर्वांत जोरात म्हणणारे तेच. त्या पत्रकाखाली, त्यांच्याच सहीची, जूनपासून लावलेली सूचना आहे: सदनिका भाड्याने देताना अविवाहित मुलामुलींना देऊ नये, फक्त कुटुंबास प्राधान्य. टाचण्या कमी पडल्या असाव्यात, दोन्ही कागद एकाच टाचणीने लावलेले होते.